कूलंट जातंय कुठे? हातपंपाच्या प्रेशर टेस्टरची पारख

कूलंटच्या बाटलीतली पातळी महिन्यागणिक बोटभर उतरते, गाडीखाली थेंबही नसतो आणि टेम्परेचरचा काटा आपल्या जागी असतो. अशा गाडीत बहुतेक जण वरून कूलंट घालत राहतात, नाहीतर अंदाजाने वॉटर पंप बदलून घेतात. दोन्हीच्या आधी एक काम करायला हवं: इंजिन थंड असताना कूलिंग सिस्टिममध्ये बाहेरून दाब भरायचा आणि तो टिकतो का ते पाहायचं. त्यासाठी हातपंपाचा रेडिएटर प्रेशर टेस्टर लागतो. स्वतःची गाडी स्वतः बघणाऱ्याने पाना-पक्कडीनंतर घ्यावं असं हे साधन आहे. मात्र पेटी निवडताना लक्ष भलतीकडेच जातं.

वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या या पेट्या आतून बऱ्याच सारख्या असतात. एक छोटा हातपंप, त्यावर गोल गेज, दाब सोडायची कळ, लवचिक नळी, तिच्या टोकाला क्विक कपलर आणि निरनिराळ्या तोंडांची ॲडॅप्टर झाकणं. मोठ्या पेटीत थर्मामीटर आणि व्हॅक्यूमने कूलंट भरायचा जोडही असतो. पेटीवर नगांची संख्या ठळक छापलेली असते आणि गिऱ्हाईक तीच बघून घेतं. खरं तर एका गाडीला एकच ॲडॅप्टर लागतं. टेस्टरची किंमत ठरते ती गेज, पंपातला चेक व्हॉल्व्ह (भरलेली हवा उलटी जाऊ न देणारा), नळीचे जोड आणि ॲडॅप्टरचं रबर या चार गोष्टींवर.

दाबच का, हे आधी नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. रेडिएटरची कॅप हे नुसतं झाकण नसतं, तो दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच गाड्यांत तो ०.९ ते १.१ बारला (बार हे दाबाचं माप) उघडतो, कित्येक युरोपीय गाड्यांत १.४ किंवा १.५ बारला. निम्मं एथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, तर १ बार जादा दाबाखाली तेच १२९ अंशांच्या आसपास. म्हणजे दाब राहिला नाही तर पातळी पूर्ण असूनही सिलिंडर हेडच्या गरम भागात वाफेचे बुडबुडे धरतात आणि धातूची उष्णता नेणारं द्रव तिथे पोचतच नाही. दुसरी गोष्ट, बारीक गळती गाडी तापल्यावर, दाब असताना सुरू होते आणि गरम धातूवर थेंब पडताच वाळून जातो. मागे राहतो तो पांढरट, हिरवट किंवा गुलाबी डाग. गाडी थंड झाली की दाब गेला, गळतीही थांबली. टेस्टर थंड धातूवर तापलेल्या गाडीइतका दाब उभा करतो, त्यामुळे थेंब थेंबच राहतो आणि डोळ्यांना दिसतो.

पेटी घेताना जुनी कॅप खिशात ठेवा. धातूच्या गळ्याच्या रेडिएटरला दोन कानांची, पाव वळणात बसणारी कॅप असते. प्लास्टिकच्या एक्स्पान्शन टँकला आट्यांची. आट्यांचा व्यास आणि अंतर कंपनीगणिक बदलतं. पेटीतली ॲडॅप्टरं रंगीत असली तरी रंगावर जाऊ नका, कारण त्याला सर्वमान्य नियम नाही. आटे जुळवून पाहा. योग्य ॲडॅप्टर बोटांनी अलगद फिरतं आणि शेवटी रबरावर बसतं. पहिल्या वळणालाच जोर लागला तर थांबा, प्लास्टिकच्या टँकचे आटे एकदा गेले की टँकच बदलावा लागतो. काही पेट्यांत फुगवून बसवायचा रबरी बूच ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून देतात. तो १ बारच्या पुढे निसटू लागतो. केवळ त्याच्या भरवशावर पेटी घेऊ नये.

गेजची पट्टी २ किंवा २.५ बारपर्यंतचीच हवी. आपल्याला ०.०५ बारची घसरण वाचायची असते; ४ बारच्या छोट्या तबकडीवर ती काट्याच्या जाडीतच हरवते. शून्याजवळ काट्याला टेकायला पिन असेल तर काटा खरोखर शून्यावर आहे की पिनेवर रेललाय ते कळत नाही. पिनेशिवायचं गेज चांगलं. नळी किमान हातभर असावी, म्हणजे पंप बोनेटच्या कडेवर ठेवून हात मोकळे राहतात आणि टॉर्च धरून शोधता येतं.

आधी टेस्टरची परीक्षा

स्वस्त पेट्यांची खरी गोम इथे आहे: टेस्टर स्वतःच गळतो आणि दोष गाडीवर जातो. म्हणून नवी पेटी गाडीला लावायच्या आधी तिचीच चाचणी करावी. कॅप तपासायचा जोड घ्या, त्यावर खात्रीची कॅप ओली करून बसवा आणि कॅपच्या आकड्यापेक्षा थोडा कमी, समजा ०.८ बार दाब भरा. १० मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर कपलर, ॲडॅप्टरचं रबर आणि कॅपची कड यांवर साबणाचं पाणी लावा. फुगे जिथे येतील तिथली ओ-रिंग किंवा रबर बदललं की काम होतं. फुगे कुठेच नाहीत आणि काटा मात्र उतरतोय, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह हवा उलटी सोडतोय. अशी पेटी परत करावी. व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात अर्थ नाही, तो पुन्हा गळतो.

याच जोडावर आपल्या गाडीची कॅपही लगेच तपासून घ्या, कारण न गळणारी गाडी कूलंट खाते तेव्हा पहिला संशय कॅपवरच घ्यायचा असतो. कॅपवर १.१ लिहिलेलं असतं, किंवा ११०, म्हणजे किलोपास्कल, किंवा १६, म्हणजे पीएसआय; तिन्ही जवळपास एकच. पंप मारत जा. १.१ ची कॅप १ ते १.२ च्या दरम्यान फुस्स करून सोडते आणि नंतर काटा स्थिर राहतो. ०.६ वरच सुटली तर स्प्रिंग थकलंय किंवा रबराला चीर पडलीय. कॅपमध्ये दुसरा, उलट्या दिशेचा लहान व्हॉल्व्ह असतो. गाडी थंड होताना तो बाटलीतलं कूलंट परत आत घेतो. तो अडकला तर थंड गाडीचा रेडिएटरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. ते तपासायला या टेस्टरचा उपयोग नाही, बोटाने उचलून पाहावं लागतं.

गाडीवर चाचणी

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. गरम गाडीची कॅप उघडू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे: दाब सुटताच १०० अंशांच्या वरचं कूलंट उकळून अंगावर उसळतं. पण चाचणी कोमट गाडीवरही फसते, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. समजा आतली हवा ६० अंशांवर असताना १ बार भरला आणि ती ४० अंशांवर आली. वातावरणाचा दाब धरून आतला दाब २ बार असतो, तो त्याच प्रमाणात आकसून १.८८ होतो. गेज ०.८८ दाखवतं आणि कुठेही गळती नसलेली गाडी गळकी ठरते.

हवेचं आणखी एक गणित आहे. आत हवा जितकी जास्त, तितकी बारीक गळती लपते. वर १ लिटर हवा असेल आणि १० मिलिलिटर कूलंट बाहेर गेलं तर काटा जेमतेम ०.०२ बार उतरतो. तो कुणाला दिसणार? हवा १०० मिलिलिटरच असेल तर तेवढ्याच गळतीने काटा ०.१८ बार खाली येतो. म्हणून चाचणीपुरतं कूलंट गळ्याच्या जवळपर्यंत भरा, ॲडॅप्टरच्या नळीत शिरणार नाही इतकीच जागा ठेवा, आणि नंतर जादाचं काढून पातळी नेहमीच्या खुणेवर आणा. हीटरचा नॉबही गरमवर ठेवा. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो, तो बंद राहिला तर हीटर कोर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, चाचणीतून सुटतो.

आता ॲडॅप्टर लावून सावकाश पंप मारा, कॅपवरच्या आकड्यापर्यंत, त्याच्या वर नाही. ‘जास्त दाब दिला की गळती लवकर सापडेल’ हा विचार महागात पडतो. जुन्या प्लास्टिकच्या टँकची शिवण किंवा हीटर कोर जादा दाबाने फुटतो आणि नसलेली गळती तयार होते. पहिल्या मिनिटाला काटा किंचित उतरतो, कारण रबरी पाईप ताणले जातात. पुन्हा आकड्यावर आणा आणि मग १५ मिनिटं मोजा. काटा जागचा हलला नाही तर बाहेरची गळती त्या क्षणी तरी नाही. ०.१ बार किंवा जास्त उतरला तर शोध सुरू करा, आणि दाब अधूनमधून वाढवत राहा.

शोधताना वरून खाली या, कारण थेंब खाली ओघळतो आणि जिथे टपकतो तिथे सहसा गळत नसतो. होजची टोकं, थर्मोस्टॅटचं घर, त्याला जोडलेले प्लास्टिकचे फाटे आधी पाहा. उष्णतेने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला शिवणीवर केसाएवढी चीर जाते. रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे दुमडून आवळलेली असते, ती कड दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहा. तिथे ओल लागली तर दुमडलेले कान ठोकून आवळण्याचा खटाटोप करू नये, आतलं गॅस्केट मेलेलं असतं.

वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक छोटं छिद्र असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये जाण्याऐवजी तिथून बाहेर पडावं, यासाठीच ते ठेवलेलं असतं. त्याच्या कडेला वाळलेला पुसट डाग असणं दोष नाही. दाबाखाली तिथून थेंब तयार झाला तर पंपाचं आयुष्य संपलं. छिद्र एम-सीलने बुजवणारे लोक आहेत. तसं केलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप एके दिवशी अडकतो. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप झाकणामागे असतो, तिथली गळती झाकणाच्या खालच्या कडेला उतरते. बेल्टवर कूलंट सांडलं असेल तर पंपाबरोबर बेल्टही बदला.

इंजिन ब्लॉकच्या अंगावर नाण्यासारख्या गोल पत्र्याच्या बुचा ठोकलेल्या असतात. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाडीत त्या आतून गंजून झिरपतात. मॅनिफोल्डमागच्या बुचा पाहायला छोटा आरसा लागतो. गाडीच्या आतही डोकवा. पुढच्या प्रवाशाच्या पायाशी गालिचा ओला, गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धूसर थर, म्हणजे हीटर कोर. एसीचं पाणीही तिथे येऊ शकतं, पण ते बिनवासाचं, बिनरंगाचं असतं आणि बोटाला बुळबुळीत लागत नाही.

क्लॅम्पबद्दल थोडं जास्त सांगण्यासारखं आहे. काही गाड्या फक्त पहाटेच्या थंडीत गळतात आणि तापल्यावर कोरड्या होतात. रबर आणि प्लास्टिक आकसतं, पण स्क्रूचा क्लॅम्प जिथे आवळला तिथेच राहतो. स्प्रिंगचा क्लॅम्प मात्र पाईपबरोबर आकसतो आणि फुगतो. कंपनीने स्प्रिंगचा दिलाय तिथे ‘मजबूत’ म्हणून स्क्रूचा लावणं ही सुधारणा नव्हे, उलट प्लास्टिकचा गळा चिरडण्याचा धोका वाढतो.

काटा उतरतो, पण थेंब कुठेच नाही

आता गळती आत आहे. इथे हा टेस्टर उपयोगी पडतो, पण एकटा पुरत नाही. दाब चढवून गाडी तासभर ठेवा, मग पेट्रोल गाडीचे सगळे स्पार्क प्लग काढा. एखादा ओला असेल, किंवा बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ दिसत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय. इग्निशन आणि इंधनाचा पुरवठा बंद करून स्टार्टर थोडा फिरवला की प्लगच्या भोकातून फवारा येतो. तोंड दूर ठेवा. प्लग न काढता स्टार्टर मारणं मात्र टाळाच. द्रव दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये ते पुरेसं साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

उलट बाजूनेही पाहता येतं. प्लग कोरडे निघाले असतील तर ते परत बसवून थंड इंजिनाला टेस्टर लावायचा, दाब शून्य ठेवायचा आणि गाडी सुरू करायची. कूलंट तापायच्या आधी, पहिल्या मिनिटाभरातच काटा झपाट्याने चढला किंवा धडधडू लागला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. बोट सोडायच्या कळीवर ठेवा आणि कॅपच्या आकड्याच्या आत इंजिन बंद करा, कारण टेस्टर लावलेला असताना कॅपचा सुरक्षा व्हॉल्व्ह नसतो. खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी आहे: टाकीवरची हवा त्यातून ओढली की पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं, डिझेलमध्ये हिरवट. त्यात कूलंट शिरलं तर रंग फसवा येतो, म्हणून पातळी आधी उतरवून घ्यावी.

टेस्टरची सगळ्यात मोठी मर्यादा इथेच आहे, आणि पेटीवर ती छापलेली नसते. इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर ज्वलनाचा दाब कित्येक दहा बारांचा येतो, आपण तपासतो १ बारने, तेही थंड धातूवर. चाचणीत पास झालेलं गॅस्केट तापल्यावर वाट देऊ शकतं. नापास झालेल्याबद्दल शंका नको, पास झालेल्याला मात्र पूर्ण सूट देऊ नका. डिझेल गाडीत ईजीआर कूलरही, म्हणजे इंजिनात परत घ्यायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग, ध्यानात ठेवा. तो आतून फुटला तर कूलंट सरळ धुरावाटे जातं आणि दोष गॅस्केटवर ढकलला जातो. ऑइलच्या झाकणाखाली फक्त साय दिसली म्हणून हेड उघडायला घेऊ नये, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधट असेल तेव्हा प्रकरण गंभीर.

गळती सांगणारा टेस्टर गाडी गरम का होते हे सांगत नाही. थर्मोस्टॅट अडकला, पंख्याची रिले गेली, जाळी चिखलाने किंवा आतून गाळाने भरली, पंपाची पाती झिजली, यातलं काहीही असलं तरी काटा १५ मिनिटं ठाम उभा राहील. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहता येतो. त्याच्यावर आकडा असतो, ८२ किंवा ८८ वगैरे, त्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे तो उघडू लागला पाहिजे.

कूलंटची ताकदही या पेटीतून कळत नाही. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबातून मिश्रणाचा गोठणबिंदू दाखवणारं साधन, वेगळा घ्यावा, तरंगत्या गोळ्यांच्या नळीपेक्षा तो कितीतरी भरवशाचा. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला तो उणे ३७ अंशांच्या आसपास दाखवतो. पाण्याशिवाय नुसतं कूलंट घातलं तर जास्त चांगलं, ही समजूत चुकीची आहे. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं आणि पाण्यापेक्षा खूपच कमी उष्णता वाहून नेतं. भर घालायची ती डिस्टिल्ड पाण्याची, आणि कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराचं. बाटलीचा रंग जुळला म्हणजे जात जुळली असं नाही. गळती बुजवायची पावडर किंवा द्रव घालू नये. ते भोक शोधण्याआधी हीटर कोरच्या बारीक वाटा शोधतं.

मोठ्या पेटीतला व्हॅक्यूमचा जोड कंप्रेसर असेल तरच कामाचा. आधी उणे ०.८ बारपर्यंत हवा ओढून घ्यायची, काही मिनिटं काटा टिकतो ते पाहायचं आणि मग त्या ओढीनेच कूलंट आत घ्यायचं. होज चपटे होतात, घाबरू नये. हीटर वर आणि रेडिएटर खाली असलेल्या गाडीत, जिथे हवा अडकून राहते, तिथे हा जोड अर्ध्या दिवसाचं काम वाचवतो. कंप्रेसर नसेल तर छोटी पेटीच घ्या.

काम झालं की आधी कळ दाबून दाब पूर्ण सोडा, मगच ॲडॅप्टर फिरवा. सांडलेलं कूलंट लगेच पुसून काढा; चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही ते त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करतं. नळीत कूलंट शिरलं असेल तर साध्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर चेक व्हॉल्व्हवर ते चिकट होऊन बसतं. ॲडॅप्टरच्या रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका. कूलंटसाठीचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं. बसवताना कूलंटचंच बोट फिरवा किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा, आणि कपलरच्या मापाच्या दोन-चार ओ-रिंगा पेटीतच ठेवून द्या.